तेरची शपथ आणि बहिणाबाईंची साक्ष



धाराशिव जिल्ह्यातल्या वारकऱ्याला तेर कुठे आहे हे सांगावे लागत नाही. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे आणि चैत्र वद्यात तिथे यात्रा भरते. परंपरेने समाधीचे वर्ष शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ धरतात. काकांची कथा कीर्तनात लावली की आपण दोन ठिकाणी रेंगाळतो. पहिले ठिकाण चिखलात तुडवल्या गेलेल्या बाळाचे. दुसरे, पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात थोट्या खांद्यांना पुन्हा हात फुटले, ते. या दोन्हींच्या मध्ये एक लहानसा प्रसंग आहे. टाळकऱ्यांनी चाल धरण्याच्या आत तो निघून जातो. आज त्याच प्रसंगावर थांबायचे आहे.

बाळ गेले. माय पाणी घेऊन आली, तिने ते पाहिले आणि आक्रोश करीत नवऱ्याला नको ते बोलली. भजनाची तंद्री मोडली म्हणून काकांना राग आला. हातात काठी घेऊन ते तिच्या अंगावर धावले. तिने जागच्या जागी विठोबाची आण घातली, की मला शिवायचे नाही. काठी खाली आली. पुढे तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न झाले, सासऱ्याने दोघींना सारखे वागवण्याची शपथ घातली आणि अखेर काकांनी आपलेच हात तोडले, हा सगळा विस्तार त्या एका शपथेतून निघालेला आहे.

ताहाराबादच्या महिपतींनी भक्तविजय पुरा केला तो शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली. काकांच्या समाधीनंतर साडेचारशे वर्षांच्या आसपास. तेव्हा प्रसंग अक्षरशः असाच घडला का, हा वाद मी घालणार नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. महिपतीबुवा संतांचे चरित्र लिहीत होते, तरी तो हात उगारला गेला हे त्यांनी झाकले नाही. बाईने आपल्या देहाभोवती रेघ ओढली हेही झाकले नाही. आणि नवऱ्याने ती रेघ मानली, याला त्यांनी भक्ती म्हटले. शपथ घालणाऱ्या बाईला त्यांनी कुठेही कुलक्षणी ठरवलेले नाही. आपल्याकडे काही कीर्तनकार हशा मिळवायला बायकोला दोन ठेवून दिल्याचे विनोद करतात. त्यांनी काकांचे हे चरित्र एकदा सावकाश वाचावे.

महिपतींच्या कथेत बाई दोन वाक्ये बोलते. आपल्या संप्रदायात एक संत अशा आहेत की ज्यांनी आपली सगळी हकिगत स्वतः सांगून ठेवली आहे. त्या म्हणजे तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई. जन्म १६२८, देह ठेवला १७०० साली. (चौधरींच्या बहिणाबाई खानदेशातल्या आणि फार अलीकडच्या, त्या वेगळ्या.) या बहिणाबाईंचे माहेर देवगाव रंगारी, सासर शिऊर. ही दोन्ही गावे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत आणि समाधी शिऊरला आहे. त्यांच्या आत्मनिवेदनाचे जस्टिन ॲबट या पाद्र्याने १९२९ साली इंग्रजी भाषांतर केले, तेव्हापासून परदेशातले अभ्यासक ते वाचत आले आहेत. आपल्या सप्ताहांत मात्र त्यांचे नाव बहुधा ‘तुका झालासे कळस’ या अभंगाच्या संदर्भापुरते येते.

आत्मनिवेदनातली हकिगत अशी. अगदी बालपणी लग्न झाले. नवरा तीस वर्षांचा, बिजवर, वेदविद्या शिकलेला. नऊ वर्षांच्या झाल्या तेव्हा घरातल्या भांडणांनी गाव सुटले. आईबाप, नवरा आणि ही मुलगी गोदाकाठाने, पंढरपूर, शिखर शिंगणापूर असे फिरत रहिमतपूरला आणि मग कोल्हापूरला आले. तिथे एका ब्राह्मणाच्या वाड्यात आसरा मिळाला. त्याच घरी एक कपिला गाय आणि तिचे वासरू यांच्या वाट्याला आले. वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की त्या कीर्तनाला गेल्या तर तेही मागोमाग जाई. जयरामस्वामी वडगावकरांचे कीर्तन चालू होते. गर्दीत वासरू नको म्हणून लोकांनी ते बाहेर हाकलले, तर स्वामींनी त्याला आत आणवले आणि त्याच्यासह त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला.

गावात चर्चा झाली. कोणीतरी ती नवऱ्याच्या कानावर मीठमिरची लावून घातली. घरी येऊन त्याने तिची वेणी धरली आणि हवे तितके मारले. मग बांधून गोठ्यात टाकले. तिचे वय तेव्हा अकरा वर्षांचे होते. आईबाप त्याच घरात होते. गायीने आणि वासराने चारापाणी सोडले, तेव्हा माणसे हलली आणि तिला मोकळे केले.

वाचकहो, ही हकिगत सांगताना बहिणाबाई नवऱ्याला राक्षस म्हणत नाहीत. त्याच्या विद्वत्तेचे कौतुकच करतात. दोष कुणाचा म्हणाल, तर आपल्या पूर्वसंचिताचा, असे त्या धरून चालतात. घरातला छळ ओळखायला कठीण का जातो, याचे उत्तर मला इथे मिळते. मारणारा चारचौघांत भला असतो. त्याचे उच्चार शुद्ध असतात, गळ्यात माळ असते, पंगतीत तो वाढायला पुढे असतो. ज्याची बाहेर उठबस चांगली, त्याच्याविषयी बायकोने काही सांगितले तर ऐकणाराच म्हणतो, तुझेच काही चुकले असेल. आणि तीही मनाशी तेच म्हणत असते.

पुढे तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला. नवऱ्याचा संताप वाढला. शूद्राला गुरू केले ही एक तक्रार. दुसरी तक्रार बहिणाबाईंनी फार बारकाईने नोंदवली आहे. लोक हिच्या पाया पडायला येतील आणि मला कोणी विचारणार नाही, असे त्याला वाटू लागले. त्या गरोदर होत्या आणि तो त्यांना टाकून तीर्थयात्रेला निघाला होता. म्हणजे कारण बदलत गेले. आधी वासरू, मग कीर्तन, मग गुरू, मग लोकांचा मान. कारण कुठलेही निघो, शिक्षा तिलाच. ज्या घरात रोज नवे कारण सापडते, भाजीत मीठ, फोनवर बोलणे, माहेरी जाणे, मुलगीच होणे, तिथे कारण मुळात कारण नसते. बाईने वचकून राहावे एवढेच तिथे चाललेले असते.

शेवट काय झाला? ऐन निघायच्या वेळी तो आजारी पडला. बहिणाबाईंनी सेवा केली. त्याचे मन पालटले आणि सगळे देहूला आले. या पालटावर आपण कीर्तनात फार जोर देतो. ‘बघा, तिने सोसले म्हणून देव पावला.’ मला हे निरूपण पटत नाही. आजारपणाने एका माणसाला पश्चात्ताप झाला, ही ईश्वरी कृपा. पण त्या आशेवर किती घरांत किती वर्षे काढली जातात, हे खेडोपाडी फिरणाऱ्याला ठाऊक असते. मारानंतर चार दिवस तो गोड वागतो, साडी आणतो, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. पालट खरा की चार दिवसांचा, हे ओळखायची एक खूण आहे. ती ‘नाही’ म्हणू शकते का, आणि म्हटल्यावर तिला भीती वाटते का?

कऱ्हाडच्या सखूची कथा तर सर्वांना पाठ आहे. दिंडी दिसली, घागर ठेवून ती निघाली, आणि घरच्यांनी धरून आणून खांबाला बांधले. या कथेत देव येतो आणि सखूच्या जागी स्वतःला बांधून घेतो. सोडवायला येणारा आधी तिला मोकळे करतो आणि मार खायचा धोका स्वतः पत्करतो, एवढेच मी या कथेतून उचलतो.

संतकथा सोडून द्या, जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत विठोबा आहे, रुक्मिणी आहे, भाऊ आहे, आणि पानोपानी सासुरवास आहे. पहाटे, अंधारात, जात्याच्या घरघरीआड, जिथे पुरुषाचा कान नाही तिथे बाई बोलत होती. पुढे पिठाची गिरणी आली आणि पाठीचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण बोलायची जागाही गेली. आज ती जागा उरली आहे ती मुख्यतः वारीत. पंधरा-वीस दिवस सोबत चालणाऱ्या बायका एकमेकींना जे सांगतात, ते घरच्या उंबऱ्यात कधी सांगत नाहीत.

माझ्या फिरतीतला एक प्रसंग लिहितो, गावाचे नाव नको. काल्याच्या कीर्तनानंतर एका माळकऱ्याच्या घरी पंगत होती. आमटीत मीठ कमी पडले म्हणून यजमानाने वाटी बायकोच्या अंगावर भिरकावली. ती हसून म्हणाली, सांडली हो माझ्याच हातून. तिची लेक दाराआड उभी होती, तिने नुसते डोळे मिटले. मी ताटावरून उठलो. यजमान पाया पडू लागले. मी म्हणालो, माझ्या नव्हे, जिच्या अंगावर आमटी सांडली तिच्या पाया पडा. पण नंतर माझ्याबरोबरच्या विणेकरी काकांनी मला एक शहाणपणाची गोष्ट ऐकवली. ते म्हणाले, बुवा, आपण उद्या दुसऱ्या गावी, ती याच घरात. तुम्ही चिडलात त्याचे उट्टे तिच्यावर निघेल. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरच्या माऊली हळदीकुंकवाच्या निमित्ताने गेल्या आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. मदत करणाऱ्याने हा क्रम लक्षात ठेवावा. तिने सांगितलेले नवऱ्याला जाऊन विचारायचे नाही. तिला एकटीला गाठायचे, विश्वास ठेवायचा, ‘का सोसलेस’ असे विचारायचे नाही, आणि पुढचे पाऊल तिच्या मनाने ठरू द्यायचे. घर सोडण्याची वेळ सगळ्यांत धोक्याची असते. गळा दाबणे, रॉकेल-पेट्रोलची धमकी, कोयता दाखवणे, गरोदरपणी मारणे यांतले काही झाले असेल, तर वाट पाहायची नाही.

आता कायद्याचा इतिहास. विठोबाची आण मोडली तर पाप लागते, असे मानणारा गोरोबाकाकांसारखा नवरा प्रत्येकीला मिळत नाही. सरकारी कागदावर ती आण उमटायला फार उशीर झाला. १९८३ साली दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले आणि नवऱ्याचा व सासरच्यांचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्यात पोलीस नसलेली, समाजकार्य शिकलेली माणसे बसवायची, ही कल्पना महाराष्ट्रातली. पुढे राज्याने ती जिल्ह्याजिल्ह्यांत नेली.

पण बहुतेक बायका म्हणतात, त्याला तुरुंगात घालायचे नाही, मार थांबला पाहिजे आणि डोक्यावर छप्पर राहिले पाहिजे. त्यांच्यासाठीचा कायदा २००५ चा, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याची व्याख्या आपल्या गावात मोठ्याने वाचण्यासारखी आहे. मारझोड तर आलीच. इच्छेविरुद्ध शरीरसंबंध, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोचून बोलणे, माहेर तोडणे, तिची कमाई किंवा स्त्रीधन काढून घेणे, घरखर्चाला पैसे न देणे हेही त्यात आले. आणि तो फक्त सुनांसाठी नाही. मुलाचा मार खाणारी म्हातारी आई, भावाने हाकललेली विधवा बहीण, यांनाही तो आहे. सप्ताहात पुढच्या रांगेत बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी काहींना याची गरज सुनांहून जास्त असेल.

आपल्या जिल्ह्याला लागू पडणारी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कळंब, वाशी, भूम भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जोडपी जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती बहुधा पुरुषाच्या हातात. निम्मी मोळी बाईच्या डोक्यावर, पैसा मात्र तिच्या हाती नाही आणि कोपीवर मार. हा आर्थिक छळच आहे, आणि कायद्याने तो हिंसाचारात धरला आहे. शिवाय बाई जिथे तात्पुरती राहते किंवा कामाला असते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज चालतो. कारखान्याच्या गावावरून त्यासाठी माघारी यावे लागत नाही.

वाट अशी आहे. जीवावर बेतले असेल तर ११२ फिरवायचा, पोलीस येतात. १८१ ही महिलांची मदतवाहिनी, दिवसरात्र आणि विनाशुल्क. तिथून पुढची माणसे सांगतात. तक्रार बाईनेच करावी असे नाही. शेजारीण, आशाताई, अंगणवाडीताई, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवले तर कळवणाऱ्यावर बालंट येत नाही. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचा. तो घटनेचा अहवाल लिहून घेतो आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करायला मदत करतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो, पण तातडीचा हुकूम प्रतिज्ञापत्रावर आधी मिळू शकतो. तो हुकूम असा असतो, की हिच्या जवळ यायचे नाही, हिला घराबाहेर काढायचे नाही, मुलांसाठी इतके पैसे द्यायचे. घर कुणाच्या नावावर आहे हे पाहून तिचा राहण्याचा हक्क ठरत नाही. संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून पुष्कळ जणी उंबऱ्यातच अडतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला फुकट वकील मिळतो. त्यासाठी तिचे उत्पन्न बघत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचे नाव विचारावे किंवा १५१०० वर फोन करावा. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन खरे कारण सांगावे आणि कागदावर लिहून घ्यावे. जिन्यावरून पडले असे सांगितले की पुढे तोच कागद आडवा येतो. रात्री जायला जागा नसेल त्या बाईसाठी २०१५ पासून ‘सखी’ नावाची केंद्रे आहेत. तिथे दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन अशी सगळी सोय एकाच ठिकाणी लावून देतात आणि पाच दिवसांपर्यंत राहताही येते. केंद्राचे नाव ठेवणाऱ्याच्या मनात कऱ्हाडची सखू होती की नाही कोण जाणे, माझ्या मनात मात्र ती येते. आधार कार्ड, पासबुक, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले आणि दागिन्यांची यादी यांच्या नकला विश्वासाच्या बाईकडे आधीच ठेवलेल्या बऱ्या.

एक शंका ज्येष्ठ मंडळी हमखास काढतात. बुवा, कायद्याने घरे मोडतात, चार माणसे बसवून समेट का करू नये? समेटाला माझा विरोध नाही. आपल्या गावात भांडणे पारावर मिटत आली आहेत. पण त्या पारावर किती बायका बसलेल्या असतात ते पाहा. ‘नांदायला पाठवतो’ असे बापाने म्हणायचे, ‘पुन्हा नाही करणार’ असे जावयाने म्हणायचे, आणि पोरीला कोणी विचारायचे नाही, याला समेट म्हणत नाहीत. कोल्हापूरच्या त्या वाड्यात मुलीचे आईबाप हजर होते, घरधनी हजर होता, आणि तरी ती गोठ्यात बांधलेली होती. समेट करायचाच तर तिला एकटीला विचारून, तिच्या माहेरच्या बायकांसमोर, कागदावर, आणि मोडला तर पुढे काय हे आधी ठरवून करावा.

येत्या चैत्रात तेरला काकांच्या उत्सवाची कीर्तने होतील. गावोगावच्या सप्ताहांच्या पत्रिका माघातच छापायला जातात. त्यांत कीर्तनकारांची नावे असतात, अन्नदाते असतात, विणेकरी, चोपदार, मंडपवाले सगळे असतात. खालच्या ओळीत ११२ आणि १८१ हे दोन आकडे छापायला छापखान्याचा खर्च वाढत नाही. ज्या गावाला ते पत्रिकेवर नको वाटतील, त्यांनी बायकांच्या बैठकीकडच्या खांबावर, पाण्याच्या पिंपाच्या वर, एक कागद चिकटवावा. पाणी प्यायला उठलेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही.